फोन किती वर्षं जाईल, ते सांगा

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी भाच्याला घेऊन सांगलीत मारुती रोडला गेलो होतो, मोबाईल बघायला. गर्दी एवढी की गाडी लावायलाच अर्धा तास गेला, आणि दुकानात काउंटरपुढं माणसांच्या तीन रांगा. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, फोनमधलं सगळं तोंडपाठ. आयफोन १७ हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "मामा, ह्यात नवीन काहीच नाही, मागच्या वर्षीचाच फोन परत विकाय लागलेत." शेजारी एक शेतकरी उभे होते, पन्नाशी ओलांडलेले, नखांच्या कडेला निळसर डाग, म्हणजे द्राक्षबागेत बोर्डोचं औषध फवारूनच आलेले असणार. ते काउंटरवरच्या पोराला विचारत होते, "ह्याची बॅटरी किती वर्षं टिकंल? आणि काच फुटली तर हितंच बसवून मिळंल न्हवं?" पोरगा म्हणाला, "काका, ५० मेगापिक्सल कॅमेरा आहे, एआय आहे, फाईव्ह-जी आहे." काकांनी परत विचारलं. त्यानं परत तेच सांगितलं, फक्त ह्या वेळी एक्सचेंज बोनस पण जोडला.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. नवीन काय आहे, हे सांगायला जगभरातल्या कंपन्या दर वर्षी स्टेज बांधतात, तासभर भाषणं देतात. किती वर्षं जाईल, हे सांगायला त्या काउंटरवर एक माणूस नव्हता. आणि मी त्या पोराला दोष देणार नाही, त्याला कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये तेच शिकवलेलं असतं, कारण आपण बाकीचे सगळे तोच प्रश्न घेऊन दुकानात जातो. माझं म्हणणं एवढंच आहे की ह्या कंपन्या एकमेकींशी खऱ्याखुऱ्या भांडतात, पण गिऱ्हाईक ज्या गोष्टीबद्दल विचारतं त्याच गोष्टीवर भांडतात, आणि गेली दहा वर्षं आपण चुकीची गोष्ट विचारत आलोय.

आधी भाच्याची तक्रार घेतो, कारण ती पूर्ण खोटी नाही. आयफोन १३, १४, १५ आणि १६, ह्या चारही साध्या मॉडेलची भारतातली सुरुवातीची किंमत ७९,९०० रुपयेच होती, २०२१ पासून २०२४ पर्यंत. त्यातल्या १४ मध्ये तर आदल्या वर्षीचीच ए-१५ चिप होती, तेव्हा लोक चिडले ते बरोबर होतं, तो आळशीपणाच होता. पण २०२५ च्या १७ मध्ये साध्या मॉडेलला पहिल्यांदा १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा डिस्प्ले मिळाला, सुरुवातीचं स्टोरेज १२८ वरून २५६ जीबी झालं आणि किंमत ८२,९००. माझ्या मते साध्या मॉडेलला बऱ्याच वर्षांत मिळालेली ही सगळ्यात कामाची वाढ आहे, आणि नेमकं त्यालाच पोरं म्हणतात काही नवीन नाही. का तर दिसायला वेगळा नाही.

ही सवय लागली कुठून, तेही बघायला पाहिजे. माझ्या पिढीनं मोबाईलची सगळी जत्रा डोळ्यांनी बघितली. २००३ चं नोकिया ११००, ज्याचा टॉर्च घेऊन आम्ही रात्री मोटर चालू करायला जायचो. मग मायक्रोमॅक्स, कार्बन. मग जुलै २०१४ मध्ये शाओमी भारतात आली, १३,९९९ ला एमआय ३ दिला आणि तेवढ्या किमतीत काय काय मिळू शकतं ह्याचा हिशोबच बदलला. मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि फोर-जी नसलेला फोन वर्षभरात अडगळीत गेला. त्या दहा-बारा वर्षांत दर दोन वर्षांनी फोन बदलला तर खरोखर आयुष्यात फरक पडत होता, गावात व्हिडिओ कॉल लागायला लागला, पैसे फोनवरून जायला लागले. तेव्हा "नवीन काय" हा अगदी शहाणा प्रश्न होता. आता फोन त्या वयातून पुढं गेलाय पण आपण अजून तोच प्रश्न घेऊन उभे आहोत.

शिवाय फोनबद्दल आपलं मत बनतं कुणाकडून तर रिव्ह्यू करणाऱ्यांकडून, आणि त्यांच्यात कितीतरी अभ्यासू पोरं आहेत, मी पण बघतो. पण त्यांच्या हातात वर्षाला चाळीस-पन्नास फोन येतात. ते मागच्या वर्षीचा आणि ह्या वर्षीचा शेजारी शेजारी ठेवून फरक शोधतात, त्यांना कंटाळा येणारच. आपण काय शेजारी ठेवतो? चार वर्षं वापरलेला, कोपऱ्यात तडा गेलेला, दुपारी तीनला बॅटरी संपणारा फोन. त्याच्याशेजारी नवीन फोन ठेवला तर चार वर्षांच्या बारीकसारीक सुधारणा एकदम अंगावर येतात, कॅमेरा, उन्हातला डिस्प्ले, चार्जिंग, सगळंच. त्या रिव्ह्यूवाल्याचा कंटाळा आपण उसना घेतलाय आणि त्यावर ईएमआय भरतोय.

आणि गिऱ्हाइकाला दर वर्षी काहीतरी भारी पाहिजे म्हटल्यावर कंपनी काय करणार, भारी दिसणारं काहीतरी देणार. आमच्या घरातलंच सांगतो. तासगावजवळ आमची दोन एकर द्राक्षबाग आहे, आण्णा, म्हणजे माझे वडील, बघतात. डावणी ह्या बुरशीच्या रोगाचा संशय आला की पान उलटं करून मागच्या बाजूचा फोटो काढायचा आणि सल्लागारांना व्हॉट्सॲपवर पाठवायचा, आमच्या भागात आता सगळे तेच करतात, कारण पाऊस पडून गेल्यावर एक दिवस उशीर झाला तर घड हाताला लागत नाही. म्हणून मी त्यांना मुद्दाम पाठीमागं चार कॅमेरे असलेला फोन घेऊन दिला, त्यात एक खास मॅक्रो, जवळचे फोटो काढायला. तो निघाला २ मेगापिक्सलचा. पानाच्या मागची पांढरी बुरशी कुठली आणि औषधाचा वाळलेला थर कुठला काही कळेना, सल्लागारांचा रोज मेसेज, फोटो नीट पाठवा. शेवटी आण्णा मेन कॅमेऱ्यानंच थोडं लांबून फोटो काढायला लागले आणि मग तो मोठा करून बघायला लागले. ते मॅक्रो आणि डेप्थचे २-२ मेगापिक्सलचे कॅमेरे कितीतरी वर्षं जवळजवळ प्रत्येक कंपनीनं पंधरा-वीस हजारांच्या फोनांना लावले, कारण शेजारच्या कंपनीच्या जाहिरातीत चार कॅमेरे होते म्हणून आपल्या पण पाठीवर चार गोल पाहिजेत. तेच पैसे एका चांगल्या कॅमेऱ्यात घातले असते तर? उलट बाजूला ॲपलनं २०१५ च्या ६ एस पासून २०२१ च्या १३ पर्यंत मेन कॅमेरा १२ मेगापिक्सलच ठेवला, आणि त्यातून निघणारा फोटो दर वर्षी सुधारत गेला. आकडा एक इंचभर हलला नाही. म्हणून ॲपल संत आहे असं नाही. आयफोन १६ त्यांनी २०२४ मध्ये एआयच्या नावावर विकला, फोन लोकांच्या हातात पडला तेव्हा ते एआय त्यात नव्हतं, हप्त्याहप्त्यानं आलं, आणि जाहिरातीत दाखवलेली नवी सिरी, म्हणजे फोनमधली बोलणारी मदतनीस, तर मार्च २०२५ मध्ये त्यांनीच पुढं ढकलली. नवीन पाहिजे, नवीन पाहिजे म्हटल्यावर न पिकलेला मालही बाजारात येतो, हे द्राक्षवाल्याला वेगळं सांगायला नको, साखर भरायच्या आधी माल काढला की काय चव लागते ते.

द्राक्षाचं निघालंच आहे तर थोडं बोलतो, कारण सुधारणा कशी होते हे मला बागेनंच शिकवलं. बाग एकदा लावली की बारा-पंधरा वर्षं ठेवायची असते. थॉमसन ही मूळ जात. तिच्यातूनच लोकांनी बागेत फिरता फिरता एखादी वेगळी काडी हेरली, ती जपली, वाढवली, आणि त्यातून तास-ए-गणेश आली, सोनाका आली, माणिक चमन आली. मणी जरासा लांब झाला, रंग जरासा बदलला, बेदाण्याला उतारा जरा बरा मिळाला. पाणी कमी आणि खारट व्हायला लागलं तेव्हा खाली डॉगरिजचं मूळ आणि वर आपली नेहमीची जात असं कलम करायला लागले, वरून बघणाऱ्याला बाग तीच दिसते, बदल सगळा जमिनीखाली. कुणी विचारलं नाही की ह्यात दिसायला नवीन काय. कमी पाण्यात बाग जगली एवढंच बघितलं. दर वर्षी दोन छाटण्या करायच्या, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, आणि वेल तीच. मोटारसायकलचं पण तेच आहे, स्प्लेंडर १९९४ ला आली, आज पण आमच्या गावात दर तिसऱ्या दारात आहे, घेताना माणूस ॲव्हरेज विचारतो आणि स्पेअर मिळतात का विचारतो. हाच माणूस मोबाईलच्या दुकानात गेला की दुसराच होतो.

आता स्पर्धेकडं येतो. कंपन्यांच्या स्पर्धेनं आपल्याला काहीच दिलं नाही असं मी अजिबात म्हणणार नाही. तो १२० हर्ट्झचा डिस्प्ले घ्या, पोकोनं फेब्रुवारी २०२० मध्ये १५,९९९ च्या फोनात दिला होता. साध्या आयफोनला तो यायला २०२५ उजाडलं, पण आला, कारण अर्ध्याहून कमी किमतीतले फोन हातात धरून लोक विचारायला लागले की ह्यात आहे मग त्यात का नाही. बॅटरीचं तसंच. सॅमसंगच्या सगळ्यात महागड्या अल्ट्रा फोनात २०२० च्या एस २० पासून २०२५ च्या एस २५ पर्यंत बॅटरीची क्षमता ५००० एमएएचच. नोट ७ च्या बॅटऱ्या २०१६ मध्ये पेटल्या होत्या, सगळे फोन परत मागवून मॉडेल बंद करायला लागलं होतं, तेव्हा बॅटरीच्या बाबतीत ते दबकून चालत असतील तर मी समजू शकतो. पण चिनी कंपन्यांनी सिलिकॉन-कार्बन बॅटरी आणली, म्हणजे आत जे ग्राफाइट असतं त्यातल्या काही भागाच्या जागी सिलिकॉन, त्यात लिथियम जास्त मावतं, फक्त ते फुगतं म्हणून कार्बनच्या जाळीत धरून ठेवायला लागतं, आणि २०२५ मध्ये बावीस हजारांच्या आतल्या विवोमध्ये ७३०० एमएएच आली. तेवढ्याच जाडीत. ह्याला म्हणतात कामाची सुधारणा, हिचं कौतुक करायला स्टेज लागत नाही, संध्याकाळी सातला पंधरा-वीस टक्के शिल्लक दिसली की कळतं.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र अपडेटची. कितीतरी वर्षं अँड्रॉइडचा स्वस्त फोन म्हणजे एक अपडेट, फार तर दोन, मग तुमचं तुम्ही बघा. आयफोनवाले पाच-सहा वर्षं अपडेट घेत होते आणि बाकीचे हात चोळत बसत होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलनं पिक्सल ८ ला सात वर्षं अपडेट देतो म्हणून जाहीर केलं. साडेतीन महिन्यांत, जानेवारी २०२४ ला, सॅमसंगनं एस २४ ला तेवढीच वर्षं कबूल केली. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सॅमसंगचा ए १६ फाईव्ह-जी १८,९९९ ला आला, त्याला सहा वर्षं. म्हणजे जी गोष्ट दहा वर्षं अशक्य होती, परवडत नव्हती, चिपवाल्या कंपनीमुळं अडली होती, अशी सगळी कारणं आपण ऐकत होतो, ती एका वर्षात लाखभराच्या फोनावरून अठरा-एकोणीस हजारांच्या फोनापर्यंत उतरली. तिथं कुणी नवीन शोध लावला नव्हता. फक्त एकानं वर्षं मोजायला सुरुवात केली आणि दुसऱ्याला मोजायला लागली. माझा सगळा भर ह्या एका उदाहरणावर आहे, वर्षांवर पण स्पर्धा लागू शकते, ती लागलीय, पण अजून अर्धवट लागलीय.

कारण जिथं गिऱ्हाईक गप्प बसतं तिथं हेच शत्रू एकमेकांच्या पावलावर पाऊल टाकतात. २०१६ ला आयफोन ७ मधून हेडफोनची पिन लावायची जागा गेली, सॅमसंगनं जाहिरातीत टिंगल केली, आणि २०१९ ला स्वतःच्या नोट १० मधून काढून टाकली. ऑक्टोबर २०२० ला आयफोन १२ च्या बॉक्समधून चार्जर गेला, पर्यावरणाचं कारण दिलं, सॅमसंगनं परत टिंगल केली, आणि जानेवारी २०२१ ला एस २१ च्या बॉक्समधून स्वतःचा चार्जर काढला. जेमतेम तीन महिने निघाले. आपण दोन दिवस मीम फिरवले आणि हजार-दीड हजार देऊन चार्जर वेगळा घेतला. त्यात दुकानात जे दहा बोर्ड दिसतात ते दहा वेगळे मालक आहेत असं पण समजू नका, ओप्पो, विवो, वनप्लस, रिअलमी, आयक्यू ह्या सगळ्यांची मुळं बीबीके ह्या एकाच चिनी घराण्यातली, रेडमी आणि पोको दोन्ही शाओमीचे.

आता ते शेतकरी काका जे विचारत होते त्यावर कंपन्यांना का बोलायचं नसतं, ह्याचा पुरावा खुद्द ॲपलच्या प्रमुखांनी लिहून दिलाय. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलनं मान्य केलं की बॅटरी जुनी झालेले आयफोन ते सॉफ्टवेअरमधून हळू करत होते. बोंबाबोंब झाली, माफी मागावी लागली, आणि अमेरिकेत ७९ डॉलरची बॅटरी २०१८ मध्ये वर्षभर २९ डॉलरला बदलून दिली. पुढं २ जानेवारी २०१९ ला टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहिलं, धंदा अंदाजापेक्षा कमी झाला म्हणून, आणि त्यात मुख्य कारण चीनमधल्या मंदीचं दिलं असलं तरी एक कारण हे पण लिहिलं की लोकांनी स्वस्तात बॅटरी बदलून घेतल्या. हे वाक्य मी तेव्हा दोनदा वाचलं होतं. एवढ्या मोठ्या कंपनीला नवीन फोन खपवताना आपल्याच जुन्या फोनातल्या स्वस्त बॅटरीचा फटका बसला! म्हणजे त्या लाखो लोकांना नवीन फोन पाहिजेच नव्हता, त्यांना बॅटरी पाहिजे होती.

आण्णांच्या त्या चार कॅमेऱ्यांच्या फोनाचं पुढं काय झालं ते सांगतो, कंपनीचं नाव घेत नाही, कारण ह्यात सगळ्या सारख्याच आहेत. अडीच वर्षं झाली, एका रात्री अपडेट आलं आणि सकाळी स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो, वॉरंटी संपली, डिस्प्ले ८,४०० रुपये. फोनाला एक्सचेंजमध्ये दोन हजार पण कुणी देत नव्हतं. मग मिरजेला स्टेशनजवळ एका ओळखीच्या रिपेअरवाल्याकडं गेलो. तो फोन हीटप्लेटवर ठेवतो, गम सैल झाला की पत्त्यासारखी पातळ प्लास्टिकची पट्टी कडेनं फिरवतो, आणि तेव्हा तो श्वास पण धरून ठेवतो, कारण आतली डिस्प्लेची पट्टी तुटली की संपलं. मला म्हणाला, "दादा, कॉपी फोल्डर, म्हणजे डुप्लिकेट डिस्प्ले, २,८०० ला बसवतो, पण दोन गोष्टी आधीच सांगतो, उन्हात दिसणार नाही आणि बोटाचा लॉक चालणार नाही." कारण त्या फोनात बोटाचा सेन्सर डिस्प्लेच्या खाली होता आणि कॉपीच्या डिस्प्लेमधून तो वाचत नाही. ओरिजिनल त्याला कंपनी देत नाही. बॅटरीबद्दल विचारलं तर म्हणाला, बॅटरी एवढ्या गमनं चिकटवलेली असते की काढताना वाकते, आणि वाकली की पेटायची भीती. पंधरा वर्षांचा अनुभव असलेला कारागीर, हात एकदम सफाईचा, आणि फोन असा बनवलाय की त्याला भीती वाटावी. आण्णांनी कॉपी बसवून घेतली. मग बागेत दुपारी फोन आला की ते फोन टोपीच्या आत धरून, वाकून, कुणाचा फोन आहे ते बघायचे. असे त्यांनी आठ महिने काढले.

ही आमच्या एकट्याची गोष्ट नाही हे मला माहीत आहे, म्हणून तर लिहितोय. आणि ह्याला इलाज नाही असं पण नाही. युरोपात २० जून २०२५ पासून नियम आहे, फोनाची बॅटरी ८०० वेळा चार्ज झाल्यावर पण ८० टक्के क्षमता राहिली पाहिजे, मॉडेल विकायचं बंद झाल्यावर सात वर्षं मुख्य स्पेअर पार्ट मिळाले पाहिजेत, पाच वर्षं अपडेट मिळाली पाहिजेत, आणि बॉक्सवर लेबल, त्यात दुरुस्ती किती सोपी ह्याचा पण दर्जा. त्याच कंपन्या, जवळजवळ तेच फोन. तिथं लेबलवर छापतात ते इथं सांगायला माणूस नाही. टाइप-सी चार्जिंगचं पण युरोपानं सक्तीचा कायदा केल्यावरच जमलं, आयफोन १५ ला २०२३ मध्ये ते आलं आणि आज घरात एकच केबल सगळ्यांना चालते, आमच्या वहिनीला त्याचा जेवढा आनंद झाला तेवढा कुठल्याच एआयचा झाला नाही. आपल्याकडं केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, चांगलं केलं. मे २०२५ मध्ये समितीनं मोबाईल आणि बाकी इलेक्ट्रॉनिक वस्तूंना दुरुस्तीचा निर्देशांक द्यावा असा अहवाल पण दिला. तो सक्तीचा झाला पाहिजे, आणि फ्रिजवर जसे स्टार असतात तसा दिसला पाहिजे. फ्रिजचे स्टार आमच्या आईला कुणी शिकवले नाहीत, पण दुकानात गेल्यावर ती पहिले स्टार मोजते, कारण ते वीज बिलात दिसतात. फोनावर बॅटरीची किंमत, डिस्प्लेची किंमत आणि अपडेटची वर्षं ठळक छापली तर आई तेही मोजेल, त्याला इंजिनिअरिंग लागत नाही.

पाण्याचं पण एक बोलतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट. माझी मावशी गावभागात पहिल्या मजल्यावर अडकली होती, लाइट नाही, चार दिवस. तिच्या फोनाची बॅटरी तीन वर्षांची होती, ४० टक्के दाखवायची आणि पट्कन बंद पडायची. बोट कुठं आलीय हे सांगायला तिला फोन लावायचा तर लागत नव्हता, आम्ही इकडं वेडेपिसे. तेव्हापासून जुनी बॅटरी ही माझ्यासाठी गैरसोयीची गोष्ट राहिलेली नाही. आता कंपन्या पाण्यात बुडवलेला फोन जाहिरातीत दाखवतात, पंचवीस-तीस हजारांच्या फोनला पण चांगलं आयपी रेटिंग, म्हणजे पाणी-धूळ किती अडते त्याचा दर्जा, मिळायला लागलं, ही स्पर्धेचीच देण आहे, मान्य. पण वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात असतं की पाण्यानं झालेलं नुकसान धरलं जाणार नाही. मग ते रेटिंग कुणासाठी आहे? जे जाहिरातीत दाखवलं ते वॉरंटीत लिहिलं पाहिजे, ही मागणी आपण एकत्र केली आणि एक कंपनी जरी कबूल झाली तरी बाकीच्या वर्षभरात येतील, अपडेटच्या बाबतीत आल्याच ना.

मला माहीत आहे काही जण म्हणतील, हे सगळं एकोणीस-वीस हजार एकदम घालू शकणाऱ्यांसाठी झालं, नऊ हजारांचा फोन घेऊन दोन वर्षांत बदलणाऱ्याला काय. हा मुद्दा खरा आहे आणि ह्याचं सोपं उत्तर माझ्याकडं नाही. द्राक्षवाल्याच्या हातात पैसा वर्षातून एकदा येतो, तोही व्यापाऱ्यानं दिला तर, आणि फोन बंद पडतो तो बरोबर श्रावणात. पण सहा वर्षांत नऊ-नऊ हजारांचे तीन फोन म्हणजे सत्तावीस हजार झाले, आणि तिन्ही वेळा माणूस फसल्यासारखा वाटून घरी आला. ज्याच्याकडं पैसा कमी आहे त्यालाच टिकणाऱ्या फोनाची गरज जास्त आहे. लाखाचा फोन घेणारा टिकला नाही तर दुसरा घेईल. म्हणून स्वस्त फोनांनाच पहिल्यांदा हे नियम लागले पाहिजेत, आत्ता उलटं चाललंय, वरून खाली झिरपेल तेव्हा झिरपेल.

भाच्यानं शेवटी आयफोन घेतला नाही, मला बरं वाटलं, त्याचा जुना अजून चांगला आहे, बॅटरी बदलून घेतली तर दोन वर्षं आरामात जाईल आणि तो पण आता तेच म्हणतोय. मी मात्र परवा आण्णांना घेऊन परत त्याच दुकानात गेलो. तोच पोरगा होता. त्यानं कॅमेऱ्यापासून सुरुवात केली, मी म्हटलं थांब भावा, तीन गोष्टी सांग, अपडेट किती वर्षं, बॅटरी बदलायला किती, डिस्प्ले बदलायला किती. अपडेटचं त्यानं बॉक्सवर शोधलं, नाही सापडलं, मग फोनवर शोधून सांगितलं, सहा वर्षं. बॅटरीसाठी त्यानं सर्व्हिस सेंटरला फोन लावला, दहा मिनिटं गेली, मागं रांग वाढत होती पण कुणी काही बोललं नाही, उलट दोन-तीन जण पुढं वाकून ऐकत होते. बॅटरीचा आकडा मिळाला. डिस्प्लेचा काय मिळाला नाही, तिकडून म्हणाले फोन घेऊन या मग सांगतो. आण्णा म्हणाले, "जेवढं कळलंय तेवढं लिहून दे की बाळा." त्यानं बिलाच्या मागं पेनानं लिहून दिलं, अपडेट सहा वर्षं, बॅटरीचा रेट, आणि डिस्प्लेच्या पुढं एक रेघ मारून मोकळी जागा सोडली. ते बिल आण्णांनी औषध-खताच्या बिलांच्या फाईलला लावून ठेवलंय.